अर्ध्या तासाचा उतारा

साखरा, ता. सेनगाव
रविवार, दुपारी

तीर्थरूप विजयमामांस,

साधनाचा वाकून नमस्कार. मामींनाही सांगावा. चि. रुद्रला गोड पापा (तो आता सातवीत आहे आणि त्याला हे आवडणार नाही, हे ठाऊक असूनही).

मामा, एखाद्या माणसाने निव्वळ मायेपोटी चूक केली, तर ती त्याला सांगावी की नाही? मी बी.एस्सी. झाले, बी.एड.चं एक वर्ष झालं, 'मूल्यमापन' या विषयात वर्गात पहिली आले, पण ह्या एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पुस्तकात शोधलं. मूल्यमापनाच्या पुस्तकात चुकांचे सहा प्रकार दिले आहेत, त्यात मायेचा प्रकार नाही. तुम्ही माझ्यापेक्षा चाळीस पावसाळे जास्त पाहिलेत, म्हणून प्रश्न तुमच्याकडे सोपवते आणि पुढे लिहिते.

तुमचा गुडघा आता कसा आहे? नाशिकच्या डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय आणि तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा तुम्ही घरी असता की खाली, हा प्रश्न आईला रोज पडतो. मामींची साखर आटोक्यात असेल. इकडे सगळे खुशाल आहेत. (हे वाक्य काल दुपारी चार वाजल्यापासून खरं आहे. त्याआधी लिहिलं असतं तर खोटं ठरलं असतं.) फोन न करता पत्र का लिहिते असं तुम्हाला वाटेल. आपल्या घरी फोन आला की तुमचे दाजी, म्हणजे आमचे आबा, तो मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवतात आणि मग तो फोन सगळ्या गल्लीचा होतो. पुढचा मजकूर गल्लीचा नाही.

मजकूर तुमच्या गाडीचा आहे. दोन वर्षांपूर्वी किल्ली माझ्या हातात देताना तुम्ही म्हणाला होतात की सतरा वर्षांत ही कधी रस्त्यात बसली नाही. तर मामा, ती बसली. परवा शुक्रवारी सकाळी, सेनगावच्या अलीकडच्या चढावर, दोन मुली आणि एक चाचणी परीक्षा पोटात घेऊन बसली. मुली म्हणजे शेजारच्या पारुबाईंची नात आकांक्षा आणि अमीरबी चाचींची शाहिस्ता. दोघी ह्याच वर्षी हिंगोलीला कॉलेजात लागल्या. सकाळच्या बसची वेळ आणि त्यांच्या पहिल्या तासाची वेळ यांची एकमेकींशी ओळखसुद्धा नाही, म्हणून मी बी.एड.ला जाताना दोघींना सोबत नेते. हे ठरवायला मला पारुबाईंच्या ओट्यावर सात संध्याकाळी बसावं लागलं होतं. (मी स्त्रीशिक्षणावर बोलत होते, त्या शेंगा फोडत होत्या. सातव्या दिवशी शेंगा संपल्या.) शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "ज्या दिशी तुही गाडी रस्त्यात बसंल, त्या दिसापास्नं आमची पोरगी घरी. मंग मला लेक्चर द्यायला येऊ नको." आणि अमीरबी चाचींनी आधीच सांगून ठेवलं होतं की आकांक्षा असेल तर शाहिस्ता, एकटी नाही. म्हणजे गाडीच्या चार चाकांवर दोन पोरींच्या पदव्या उभ्या होत्या. मी गाडी चालवताना हे सारखं मनात आणत असे आणि त्यामुळे कदाचित जरा जास्तच हळू चालवत असे. बैलगाडीवाले मला हात दाखवून पुढे जात.

तर लक्षणं अशी. पोळा होऊन तीन-चार दिवस झाले असतील. गाडी जड वाटू लागली. मागून कुणी पदर धरून ठेवावा तशी. उतारावर मोकळी सोडली तरी ती पुढे जायच्या ऐवजी विचारात पडायची. ब्रेकवर पाय ठेवला की पूर्वी तो थोडा खाली जाऊन मग लागायचा, आता ठेवल्या ठेवल्या दगडासारखा लागायचा. पेट्रोल नेहमीपेक्षा लवकर संपायचं. आणि सेनगाव यायच्या सुमारास चाकांतून जळक्या चिंधीसारखा वास. मी विज्ञानाची विद्यार्थिनी असल्यामुळे घाबरले नाही. वही केली. चौदा रकाने आखले. तारीख, वेळ, अंतर, वेग, चढ की उतार, वास (मंद, मध्यम, उग्र), गाडीतल्या माणसांचं अंदाजे वजन. (शाहिस्ताने तिचं वजन सांगायला नकार दिला, तो रकाना शेवटपर्यंत रिकामा आहे.)

घरच्यांनी वहीची वाट पाहिली नाही. आईने पहिल्याच दिवशी निदान केलं की दृष्ट लागली. मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन तिने गाडीवरून उतरवल्या, चुलीत टाकल्या, वर पुढच्या काचेवर काजळाचं बोट लावलं, आणि मग म्हणाली, आता चालव. मी चालवली आणि मामा, गाडी फुलासारखी चालली! पुढे पाच-सहा किलोमीटरवर पुन्हा पदर धरला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा खेमा आला. त्याने चारही चाकांना लाकडी हातोड्याने ठोकलं, आमच्याकडे चहा घेतला, सेनगावला त्याच्या मेव्हण्याने विहीर कशी खोदली ते सांगितलं, आणि म्हणाला, बघ आता. पुन्हा फुलासारखी! पुन्हा पाच-सहा किलोमीटर. आबांचा उपाय सगळ्यांत साधा होता. ते गाडीकडे न बघता म्हणाले, "दमली आसंल. सोडा तिला घडीभर, इसावा खाऊ द्या." त्यांच्या उपायानेही चालली. म्हणजे दृष्ट काढली तरी चालते, ठोकलं तरी चालते, काहीच केलं नाही तरी चालते. माझी वही बघून मला रडू यायचं बाकी होतं, तेवढ्यात लक्षात आलं की दृष्ट काढायला अर्धा तास लागतो, खेमाच्या मेव्हण्याची विहीर अर्ध्या तासाची आहे आणि आबांची घडीसुद्धा साधारण तेवढीच असते. गाडी मिरच्यांनी बरी होत नव्हती, अर्ध्या तासाने होत होती. तापली की धरते, निवली की सोडते. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग अर्धा तास नुसतं बसण्यापेक्षा दृष्ट काढलेली काय वाईट?

पण कोणतं चाक धरतंय हे कसं कळावं? ताप मोजायचा थर्मामीटर मी लावून पाहिला, तो माणसाचा असल्याने लगेच हार मानून बसला. तेव्हा तुमची बहीण तांब्या घेऊन आली, बोटं बुडवली आणि भाकरीच्या तव्यावर शिंपडावं तसं चारही चाकांच्या लोखंडावर पाणी शिंपडलं. पुढच्या दोन चाकांवर चर्रर्र झालं. मागच्या दोन्हींवर पाणी गुपचूप ओघळलं. "मागचं भाकरीच्या कामाचं न्हाई, पुढचं हाय," असा तिने अहवाल दिला. मामा, माझ्या चौदा रकान्यांना जे आठवड्यात जमलं नाही, ते तिला एका तांब्यात जमलं. त्यावरून एक शंका तर मिटली. मला रोज वाटायचं की मीच हँडब्रेक ओढलेला विसरते. पण हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, आणि मागची चाकं थंड होती. मी निर्दोष होते. (हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं आहे. त्याचं पुढे काय झालं ते वाचालच.)

इतकं कळूनही मी शुक्रवारी गाडी काढली, कारण परीक्षा होती आणि सुट्टी घेतली तर पारुबाई विचारतील का म्हणून. चढावर पुढच्या चाकांतून धूर आला आणि गाडी थांबली. अर्धा तास थांबलो असतो तर निघालो असतो, पण परीक्षेला अर्धा तास नव्हता. हळदीची पोती घेऊन हिंगोलीच्या बाजारात निघालेल्या एका टेम्पोला मी हात केला आणि दोघींना पोत्यांवर बसवून दिलं. पोरी वेळेवर पोचल्या. पेपरही बरा गेला. पण संध्याकाळी परत आल्या तेव्हा दोघी नखशिखांत पिवळ्या होत्या. आकांक्षाला बघून पारुबाई दारातच उभ्या राहिल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कालेजात धाडली व्हती का हळद लावायला? नवरदेव कुठं हाय मंग?" आणि मग माझ्याकडे वळून, अजिबात आवाज न चढवता, "सोमवारपास्नं पोरगी घरी." आवाज चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं.

शनिवार हातात होता. आई म्हणाली मी येते, आणि तांब्या घेऊन पुढच्या सीटवर बसली. हिंगोलीपर्यंत आम्ही चार वेळा थांबलो. दर वेळी आई उतरायची, पाणी शिंपडायची, चर्रर्र ऐकायची, पुन्हा येऊन बसायची, आणि चर्रर्र ऐकू आलं नाही की म्हणायची, चल. डेपोच्या मागच्या गल्लीत चाँद पाशा मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांचे केस पांढरे आहेत, हात काळे आहेत आणि ते गाडीला हात लावायच्या आधी माणसाचं पूर्ण ऐकून घेतात, हे मला शिक्षकी पेशासाठी फार अनुकरणीय वाटलं. मी चौदा रकाने वाचून दाखवले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, फक्त आईच्या तांब्याचा भाग आला तेव्हा मान हलवून म्हणाले, "माँजी का टेस्ट एकदम बराबर है."

मग त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं. हाताने फिरवलं, फिरेना. त्यांनी ब्रेकला असलेला हवा काढायचा बारीक नट जरासा ढिला केला. तेलाची पिचकारी उडाली आणि त्याच क्षणी चाक गरागरा फिरलं. मामा, मला टाळ्या वाजवाव्या वाटल्या. त्यांनी समजावलं ते असं, की ब्रेक दाबला की तेल पुढे जाऊन चाक धरतं, पाय काढला की तेलाने मागे यायला पाहिजे. इथे ते मागे येत नाही. वाटेत काहीतरी अडलंय, आणि गरम झालं की तेल आणखी फुगून आणखी घट्ट धरतं. मग बोनेट उघडून ते ब्रेक ऑइलच्या छोट्या डबीपाशी गेले आणि टोपण काढलं. टोपणाखालचं रबर तव्यावरच्या पुरणपोळीसारखं टम्म फुगलं होतं. परत टोपणात बसेना. त्यांनी डबीत बोट घातलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला, आणि इतका वेळ गंभीर असलेला तो माणूस हसायला लागला. "बेटी, ये ब्रेक का तेल नई. ये खाने का हैगा. रबर को चलताइच नई ये, सब फूल गया अंदर. कोन डाला? भजे तलने के थे क्या?"

मी ताठ उभी राहून म्हणाले की आमच्या घरी कुणी असं करणं शक्य नाही, मी स्वतः विज्ञानाची पदवीधर आहे. तेवढ्यात आईने डबीत बोट बुडवून हुंगलं. आणि तिचा चेहरा बदलला. "साधे, हे आपल्या घाण्याचं करडीचं तेल हाय. आन ह्याच्यात हळद हाय."

मग आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो, कारण दोघींना एकदमच आठवलं.

तुम्हाला माहीत आहे, हौश्या आणि पाखऱ्या ही बैलजोडी देऊन टाकल्यापासून आबांचा पोळा सुना जातो. जोडी म्हातारी झाली, आबांचीही कंबर गेली, ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, सगळं बरोबरच होतं, पण मागच्या वर्षी पोळ्याला ते दिवसभर रिकाम्या गोठ्यात बसून होते. तुमची गाडी आली तेव्हा ते म्हणाले होते, दारात लोखंड बांधून मी काय करू? त्यानंतर त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. तर ह्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीला, ते हळद-तेलाची वाटी आणि बैलाला तेल पाजायची बांबूची नळी घेऊन बाहेर पडले. मी ओट्यावर बसून बी.एड.चा पाठ काढत होते. मला वाटलं, शेजारच्यांच्या बैलांचे खांदे मळायला निघाले असतील. कानावर आलंही होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही की ते आवतन कुणाला देतायत. ते गाडीला देत होते, मामा! पुढच्या चाकांवरचे खांदे त्यांनी हळद-तेलाने मळले. गाडी देताना तुम्ही बोनेट कसं उघडलं ते त्यांनी पाहिलं होतं, तसं उघडलं असणार. आत एक छोटी डबी अर्धी रिकामी दिसली असणार, तहानलेली वाटली असणार, आणि वाटीत उरलेलं तेल त्यांनी तिला नळीने पाजलं असणार.

चाँद पाशांनी सगळी रबरं बदलली, मास्टर सिलिंडर नवा घातला, नळ्या धुतल्या, खरं ब्रेक ऑइल भरलं. दुपारी चार वाजता आम्ही निघालो आणि थेट साखऱ्यापर्यंत एकदाही थांबलो नाही. घरी उतरल्यावर आईने शिंपडून पाहिलं. चारही चाकं गुपचूप. ती तांब्यातलं उरलेलं पाणी तिथेच उभ्याने प्यायली. इतकं हलकं मला बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण वाटेत आम्ही ठरवलं की आबांना खरं सांगायचं नाही. दोन वर्षांनी त्या माणसाने गाडीवर हात फिरवला, आणि त्याच हाताने ती बसली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? ते पुन्हा मान वर करून तिच्याकडे पाहणार नाहीत. घरी आल्यावर आबांनी विचारलं, काय निघालं? मी सांगितलं, तेल चुकीचं होतं. कुणी घातलं, विचारलं. मी आजवर आबांशी खोटं बोललेले नाही. तर आई मधेच म्हणाली, "विजूनं. देतानाच घालून ठिवलं व्हतं म्हनं." (ही कल्पना तुमच्या सख्ख्या बहिणीची आहे, हे नोंदवून ठेवते. ती म्हणते, माझा भाऊ लांब हाय, त्याला काय व्हतंय.) पारुबाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी पोरीची चूक न्हाईच का? बाप्याची हाय? मंग आधी सांगायचं ना माय." आणि सोमवारची बंदी तिथल्या तिथे उठली.

तर असं आहे सगळं. थोरांना नमस्कार, गुडघ्याला तेल, आणि ते कोणतं हे बाटलीवर वाचून मगच.

तुमची भाची,
साधना

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. दसऱ्याला तुम्ही इकडे याल तेव्हा पारुबाई तुम्हाला ओट्यावर बसवून गाडीत तेल कोणतं घालावं हे शिकवतील. कृपा करून ऐकून घ्या. तुम्ही सतरा वर्षं गाडी चालवली हे सांगू नका. 'चुकलं' एवढंच म्हणा. दोन पोरींच्या तीन वर्षांचा प्रश्न आहे. आबांचा फोन आला तर त्यांनाही तेच सांगा.

ता. क. दुसरा, सोमवार संध्याकाळ. पत्र टाकायचं राहिलं, बरं झालं. वरची विनंती अर्धी मागे घेते. आज तिघी हिंगोलीला जाऊन फुलासारख्या परत आलो, आणि येताना मला जाणवलं की मी उद्या शिक्षिका होऊन चाळीस लेकरांसमोर उभी राहून 'खरं बोला' म्हणणार आहे. शिवाय चाँद पाशांनी शनिवारी एक गोष्ट सांगितली होती ती मी वर लिहायची टाळली. डबीतलं तेल मुळात खरंच कमी झालेलं होतं. महिन्यातून एकदा पाहायचं असतं, तुम्ही मला सांगितलंही होतं. मी कधी पाहिलं नाही. माझ्या वहीत चौदा रकाने होते, त्यात तो नव्हता. अख्ख्या घरात तिला तहान लागलीय का हे उघडून बघितलं ते एकट्या आबांनी. म्हणून आबांना गोठ्यात बसून सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बैल मान झटकून सांगतो. ही काहून बोलली न्हाई?" मी म्हटलं, बोलली आबा, चाकं तापवून बोलली, आपल्याला भाषा येत नव्हती. ते उठले, टोपी घातली आणि थेट पारुबाईंच्या दारात जाऊन म्हणाले, विजूची चूक न्हाई, माझी हाय, तेल मी पाजलं. पारुबाईंनी त्यांना खालून वर पाहिलं. "बसा, संतरामभाऊ, च्या घ्या. मेव्हण्यावर पांघरून घालून राहिले तुमी, मला कळत न्हाई का? तुमच्यासारका माणूस गाडीला करडीचं तेल पाजंल व्हय?" आबांनी तीन वेळा सांगितलं. त्यांनी तीनही वेळा चहा पुढे केला. पोरी उद्याही येतायत. तेव्हा मामा, घरात तुम्ही निर्दोष आहात, पण गावात गुन्हेगार आहात, आणि सत्य सांगूनही त्यात फरक पडत नाही. दसऱ्याची अट कायम.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, मंगळवार सकाळ. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही, तुम्हाला आलं तर कळवा. मी तोवर एक केलं. वहीत पंधरावा रकाना आखला, त्याला 'तहान' असं नाव दिलं, आणि वही, पेन्सिल आणि खऱ्या ब्रेक ऑइलचा डबा आबांना देऊन टाकला. डब्यावर ठळक अक्षरांत 'गाडीचं' असं लिहिलंय आणि आबांनी त्याला पाखऱ्याच्या शिंगाचा लाल गोंडा बांधलाय. बांबूची नळी मात्र मी लपवली. आज गाडी काढायच्या आधी त्यांनी स्वतः बोनेट उघडलं, चष्मा लावून डबीत पाहिलं आणि पहिली नोंद केली. 'तहान न्हाई. जाऊ द्या.'